दुपारी दोनचा वाचक

बेल वाजली तेव्हा तो दुसऱ्या खुर्चीवरचा पसारा उचलत होता. दोन जुने कीबोर्ड, केबलींचा गुंता, झाकण नसलेला एक रेडिओ. हे सगळं कुठे ठेवावं ते सकाळपासून सुचलं नव्हतं. आता त्याने सगळं एकदम कवेत घेतलं, पलंगाखाली लोटलं आणि दार उघडायला गेला.

दारात लेक उभी होती. खांद्याला एक पिशवी, हातात मिटलेली छत्री. कानांपाशी तिचे केस पांढरे झाले होते. पाच वर्षांपूर्वी ते काळे होते हे त्याला पक्कं आठवत होतं, आणि तेच बघत राहिल्याने ‘ये’ म्हणायचं राहून गेलं.

“आत येऊ ना?”

“अगं, ये की. विचारतेस काय?”

चपला काढता काढताच तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. शर्टाची कॉलर, दाढी, हातांची थरथर, सगळं.

“बाबा, जेवता ना वेळेवर?”

“जेवतो.”

“आणि झोप?”

“झोप काय, भरपूर. दुपारीसुद्धा तासभर ताणून देतो.”

“दुपारी,” ती म्हणाली, आणि थापाड्या पोराचं ऐकून घ्यावं तशी तिने मान हलवली.

त्याला त्यातलं काही कळलं नाही. तिच्या येण्यातलंच त्याला फारसं काही कळलेलं नव्हतं. गुरुवारी तिचा ईमेल आला होता, पाच वर्षांतला पहिला. ‘शनिवारी येऊ का? भेटायचंय.’ त्याने तासभर बसून चार-पाच उत्तरं लिहिली, खोडली आणि शेवटी नुसतं ‘ये’ एवढं पाठवून दिलं.

तो तीस वर्षं एका कंपनीत प्रोग्रामर होता. ओळखीपाळखीत त्याची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. पहिली म्हणजे कुणाची चूक त्याला बघवत नसे. बायको गेल्यावर भेटायला आलेल्या एका शेजाऱ्याने ती कोणत्या तारखेला आजारी पडली ते चुकीचं सांगितलं, तर हुंदका गिळून त्याने आधी तारीख दुरुस्त केली होती. आणि दुसरी म्हणजे खुंटी.

खुंटी हे त्याने लिहिलेल्या प्रोग्रामचं नाव. बाकीचं जग वेबसाइट बघायला ब्राउझर उघडतं. त्याला ते कधी पटलं नाही. त्याचं म्हणणं, मशीनला फाइल उघडता येते, वाचता येते, शोधता येते. मग बाहेरच्या जगासाठी वेगळा सवतासुभा कशाला? खुंटी चालू केली की वेबसाइट त्याच्या मशीनवर साध्या फोल्डरसारख्या दिसत आणि त्यांतली पानं फाइलींसारखी. फाइल उघडायचा अवकाश, खुंटी गुपचूप बाहेर जाऊन ते पान घेऊन येई. मशीनवरच्या दुसऱ्या प्रोग्रामांना, ही फाइल घरातली की हजारो मैलांवरची, याचा पत्ताच लागत नसे. हाच त्याचा मोठा अभिमान. ऑफिसातल्या दोघा-तिघांनी ती आठवडाभर वापरली, छान आहे म्हणाले आणि सोडून दिली.

मनापासून वापरली ती बायकोने. ब्राउझरचा तिला वैताग यायचा. एक बघायला जावं तर दहा जण अंगावर येतात, म्हणायची. “तुमच्या खुंटीत निदान आरडाओरडा तरी नाही,” एवढं एकच कौतुक तिने केलं, आणि ते त्याला पुरलं. तिने आपला एक कप्पा करून घेतला होता आणि त्यात ‘ठकू’ नावाचं फोल्डर. ठकू म्हणजे लेक. लेक परगावी नोकरीला लागल्यापासून एका वेबसाइटवर काहीबाही लिहायची: ऑफिसातली माणसं, घरमालकीण, प्रवास. नवं काही लिहिलं की फोल्डरात नवी फाइल दिसे, आणि बायको चष्मा लावून ती वाचायला बसे. कधी हसू आलं तर त्याला हाक मारी. तो म्हणे, “ठेव, नंतर बघतो.”

मग ती आजारी पडली. तीन आठवडे दवाखान्यात. शेवटच्या आठवड्यात लेक येऊन राहिली होती, आणि तिनेच त्याला घरी पाठवलं होतं: जा, दोन रात्री झोप काढा. त्या दिवशी सकाळी तो घरीच खुंटीतली एक चूक शोधत बसला होता. दवाखाना पंधरा मिनिटांवर. अकरा वाजता बायको गेली. त्याला कळलं ते साडेअकराला, शेजारच्या घरी आलेल्या फोनवरून.

“तीन वेळा लावला तुम्हाला,” दवाखान्याच्या पॅसेजमध्ये लेक म्हणाली होती. “लागला नाही.”

त्यावर त्याने काय करावं? त्याने तिला कारण समजावून सांगितलं. इंटरनेटसाठी त्याचा जुना फोन मशीनला जोडलेला होता, आणि तसा जोडलेला असताना त्यावर बाहेरून कॉल येत नाही, लावणाऱ्याला नुसताच बंद दाखवतो, त्यामुळे आलेल्या कॉलची खूणसुद्धा राहत नाही. तो हे अगदी मुद्देसूद सांगत राहिला. ऐकता ऐकता लेक वळली आणि निघून गेली. तेराव्या दिवशी परगावी गेली ती गेलीच. पाच वर्षं त्याने तिचा दोष धरला नाही. दोष सगळा त्याचा होता, आणि त्याने तो स्वतःच्या तोंडाने सिद्ध करून दिला होता.

‘ठकू’ फोल्डर त्याने त्यानंतर एकदाही उघडलं नाही. बायकोचं म्हणून पुसवत नव्हतं, आणि आत आपल्याबद्दल काय लिहिलं असेल या भीतीने उघडवत नव्हतं.

आता लेक टेबलाशी बसली होती, रिकाम्या केलेल्या खुर्चीवर. त्याने भात केला होता, अंडी उकडली होती. अंडी जरा जास्तच उकडली गेली होती. ती खात होती आणि मधूनच त्याच्याकडे बघत होती.

“तुम्हाला वाटलं असेल, मला कळणारच नाही,” ती म्हणाली.

“काय कळणार नाही?”

“माझ्या पानांवर कोण येऊन गेलं त्याची यादी मला दिसते, बाबा. पान मागायला आलेला प्रोग्राम आपलं नाव सांगतो. तुम्हीच शिकवलंय मला हे, मी शाळेत असताना.”

“हो, सांगतो नाव. सांगायलाच पाहिजे.”

“त्या यादीत रोज खुंटी असते. जगात खुंटी वापरणारी माणसं किती आहेत?”

“एक,” तो म्हणाला. “आधी दोन होतो.”

तिने मान खाली घातली. अंड्याचं एक कवच बोटाने ताटाच्या कडेला सरकवत राहिली.

“आधी वाटलं, चुकून उघडलं असेल. मग बघते तर रोज. आईच्या वेळेपासूनचं सगळं, पहिल्या पानापासून. रोज दुपारी दोनला सुरू. दुपारची झोप तुम्ही माझ्या निकालाच्या दिवशीसुद्धा सोडली नव्हती, बाबा.”

त्याने आणखी एक अंडं सोलायला घेतलं.

“आणि आता हे पान. दीड महिन्यापूर्वी लिहिलं ते. आईच्या शेवटच्या दिवसाचं. ते लिहायला मला पाच वर्षं लागली. कुणी वाचतंय का ते कळावं म्हणून तळाला एक आकडा लावून ठेवला. कुणी पान उघडलं की तो एकाने वाढतो.” तिचा आवाज चिरकला. “पहिल्या दिवशी चाळीस. वाटलं, काहीतरी बिघडलंय. दुसऱ्या दिवशी ऐंशी. यादी काढली तर सगळ्या खुंटी. रोज चाळीस वेळा. दीड महिना झाला. मी घाबरले हो. अशाने माणूस वेडा होतो. म्हणून आले.”

ती रडू लागली. त्याने पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.

चाळीस म्हटल्याबरोबर त्याला सगळं कळलं होतं. चाळीस हा आकडा त्याचाच होता.

मशीनवर त्याने आणखी एक प्रोग्राम लिहून ठेवला होता, त्याचं नाव नोंद्या. सगळ्या फोल्डरांतून फिरायचं, प्रत्येक फाइल वाचायची आणि कोणता शब्द कुठे आहे याची नोंद ठेवायची, म्हणजे पुढे काही शोधायला सोपं, एवढंच त्याचं काम. नोंद्या चालू असला की मशीन मंद होई, म्हणून त्याला दुपारी दोनची वेळ दिली होती. जेवून तो आडवा व्हायचा आणि नोंद्या कामाला लागायचा. घरातली फाइल कोणती आणि बाहेरची कोणती, हे नोंद्याला कळायचं कारण नव्हतं. खुंटीची खासियतच ती. तो ‘ठकू’मध्येही शिरायचा आणि पहिल्या पानापासून सगळं वाचून यायचा.

आणि नव्या पानाच्या तळाशी आकडा होता. नोंद्याने पान वाचलं की आकडा बदले. आकडा बदलला म्हणजे फाइल बदलली, म्हणजे पुन्हा वाचायला हवी, आणि पुन्हा वाचली की आकडा पुन्हा बदले. अशा चक्रात अडकलाच तर कुठेतरी थांबावं म्हणून त्याने फार पूर्वी मर्यादा घालून ठेवली होती. एका फाइलीसाठी दिवसाला चाळीस खेपा.

प्रोग्राममधला बग सापडला की होतो तसा क्षणभर त्याला आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाची शरम वाटली. पाच वर्षं तो पलीकडच्या खोलीत घोरत पडला होता. त्याच्या मशीनला तिच्या लिखाणातला शब्द न् शब्द माहीत होता, आणि त्याला एकही नाही.

‘अगं, तो मी नव्हेच, नोंद्या आहे,’ हे त्याच्या जिभेवर आलं. समोर धडधडीत चूक पडली होती आणि ती दुरुस्त करायला दोन वाक्यं पुरली असती. मग त्याची नजर तिच्या पिशवीकडे गेली. दारापाशी टेकवून ठेवलेली पिशवी तिने अजून उघडलीही नव्हती. ती आली होती ते त्या वाचकासाठी, आणि तो वाचक कधी नव्हताच हे कळलं असतं तर ती पिशवी खांद्याला लावून निघायला तिला मिनिटभरही लागलं नसतं. आयुष्यात पहिल्यांदाच एक चूक त्याने आहे तिथे राहू दिली.

“ते वाचूनसुद्धा तुम्ही मला ‘ये’ म्हणालात,” लेक डोळे पुसत म्हणाली. “मी काय काय कल्पना केली होती. तुम्ही ओरडाल, किंवा उत्तरच देणार नाही. आणि नुसतं ‘ये’.”

त्याला तिचं म्हणणं नीट उमगलं नाही. त्याने धरलं की पानावर त्याच्याबद्दल वाईट लिहिलं असणार: बायको मरत होती आणि हा मशीनसमोर बसला होता, वगैरे. खरंच होतं ते.

“जे झालं ते लिहिलंस,” तो म्हणाला.

“हो. जे झालं ते.” तिने सुस्कारा सोडला. “पण आता बास, बाबा. पुन्हा नाही वाचायचं ते. म्हणा, वाचणार नाही.”

“नाही वाचणार पुन्हा.”

जेवणं झाल्यावर ती आतल्या खोलीत आईच्या पलंगावर आडवी झाली. पिशवी तिने बरोबर नेली. थोड्या वेळाने त्याने डोकावून बघितलं तर ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती, पाय पोटाशी घेऊन, लहानपणी झोपायची तशीच. त्याने दार लोटून घेतलं.

दोनला दहा कमी होते. मशीनसमोर बसून त्याने आधी नोंद्याच्या यादीतून ‘ठकू’ काढून टाकलं. त्याला एक ओळ पुरली. मग ‘ठकू’ उघडलं. वचन मोडतोय असं त्याला वाटलं नाही. पुन्हा वाचणार नाही असं तो म्हणाला होता. पहिल्यांदा वाचण्याबद्दल काही ठरलं नव्हतं. फाइली तारखेने लागलेल्या होत्या. त्याने शेवटची उघडली.

पान मोठं नव्हतं. सुरुवातीला खोलीचं वर्णन होतं, खिडकीचं, सलाईनच्या बाटलीचं. आईला त्या सकाळी बरं वाटत होतं, ती बोलत होती, असं लिहिलं होतं. माहेरच्या घराबद्दल, ठकूच्या जन्माबद्दल, कुणाला कधीच न सांगितलेल्या दोन-तीन गोष्टी. साडेदहा उलटून गेल्यावर ती दमली आणि म्हणाली, त्यांना बोलाव.

‘आईने दोनदा विचारलं, फोन केलास का. मी दोनदा हो म्हणाले. फोन माझ्या हातात होता. मी तो लावला नाही. रागामुळे लावला नाही असं बरीच वर्षं मी स्वतःला सांगत होते, कारण राग ही निदान मोठी गोष्ट आहे. खरं कारण त्याहून फार लहान आहे. आई माझ्याशी बोलत होती. बाबा आले असते तर ती त्यांच्याशी बोलली असती. मला वाटलं, अर्धा तास. अर्ध्या तासाने लावीन. तेवढा वेळ नव्हता.

‘नंतर मी त्यांना सांगितलं, तीन वेळा लावला. ते खोटं मी कसंबसं बोलले होते, कुणीही पकडलं असतं. पण बाबांनीच ते खरं करून दाखवलं. फोन का लागला नसेल याचं त्यांच्याकडे कारण तयार होतं. ते सांगत होते आणि मला तिथे उभं राहवेना. त्यानंतर मी त्यांच्याशी बोलले नाही. लोकांना वाटतं, मला त्यांचा राग आहे.’

खाली आणखी दोन ओळी होत्या. त्या त्याला लगेच वाचता आल्या नाहीत.

त्याला आधी राग आला. इतका की कानांत गरम झालं. पाच वर्षं तो ज्या फोनला शिव्या घालत होता, जो त्याने रागाने कपाटाच्या तळाशी टाकून दिला होता, त्या फोनवर कुणी कॉल केलाच नव्हता. तो गेला असता. पंधरा मिनिटांचा रस्ता, तो धावत गेला असता. आणि बायकोला वाटलं की निरोप गेला आणि हा आला नाही. दोनदा विचारून तिने हे समजून घेतलं, आणि ते समजूनच ती गेली. आता ते तिला कोण सांगणार? जगातल्या सगळ्या चुका दुरुस्त करीत फिरणाऱ्या माणसाला ही एक दुरुस्त करायला जागाच उरली नव्हती. तो टेबलाची कड धरून बसला आणि रडला, आवाज न करता, कारण आत लेक झोपली होती.

मग त्याने शेवटच्या दोन ओळी वाचल्या. ‘आईने हे सगळं वाचलं असतं. ती नाही, म्हणून कुणीतरी वाचावं.’

“बाबा.”

ती दारात उभी होती. झोपेने डोळे सुजलेले. त्याच्या खांद्यावरून तिला मशीनचा पडदा स्पष्ट दिसत होता.

“आत्ताच म्हणालात ना, वाचणार नाही म्हणून.”

“हं.”

ती दोन पावलं आत आली आणि खुर्चीच्या पाठीला धरून थांबली. त्याने तोंड वळवलं नाही.

“एक विचारू? पहिल्यांदा वाचलंत तेव्हा राग आला?”

“आला.”

“खूप?”

“खूप. त्या वेळी तू इथे उभी असतीस तर चालती हो म्हटलं असतं.”

तिचा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट झाला. खुर्ची किंचित हलली.

“मग?”

कानांतलं गरम अजून गेलं नव्हतं. त्याने मान किंचित वळवली, तर आतल्या खोलीत तिची पिशवी उघडी दिसत होती. पलंगाच्या कडेला टॉवेल आणि घरात घालायचे कपडे काढून ठेवले होते.

“मग पुन्हा वाचलं,” तो म्हणाला.

तिचा हात क्षणभर त्याच्या खांद्यावर टेकला आणि निघाला. “चहा टाकते,” असं पुटपुटत ती स्वयंपाकघरात गेली. साखरेचा डबा कुठे आहे ते तिने विचारलं, त्याने सांगितलं. भांड्यात पाणी पडल्याचा आवाज आला, गॅस पेटला. तेव्हा त्याने पान परत वर, पहिल्या ओळीवर नेलं, चष्मा पुसला आणि ते दुसऱ्यांदा वाचायला घेतलं.